पालकवर्ग



‘पालकवर्ग’ हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी या शब्दाशिवाय पुरी होत नाही. ‘कार्यक्रमास पालकवर्ग मोठ्या संख्येने उपस्थित होता.’ मुलीच्या शाळेत मीही या वर्गात मागच्या बाकावर अनेकदा बसलो आहे. पण या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला पन्नाशी उलटल्यावर माझ्याच मुलीनं शिकवला. आज त्याविषयी बोलणार आहे.

मुलगी हिंजवडीतल्या एका कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. आठवड्यातले काही दिवस घरूनच काम असतं. घर लहान, त्यामुळे तिचं बोलणं माझ्या कानावर पडतं. एका संध्याकाळी ती फोनवर कुणाला तरी समजावत होती, “अरे, तू पॅरेंटला हात लावलास ना, म्हणून सगळी चिल्ड्रेन मोडली. मुलांची काही चूक नाहीये. आधी पॅरेंट होता तसा कर.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. वाटलं, कुणाच्या तरी घरात मोठं काही घडलंय. फोन संपल्यावर हळूच विचारलं, “काय झालं गं? कुणाची मुलं?” ती हसत सुटली. म्हणाली, “अब्बा, माणसांची नाही. क्लासची मुलं. पॅरेंट क्लास असतो, त्याचे चाइल्ड क्लास असतात. मुलांना पालकाकडून वारसा मिळतो.”

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, प्रुफं तपासून पोट भरणारा आणि कविता लिहिणारा माणूस. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ‘वारसा’ म्हटल्यावर मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

तिनं मला समजावलं ते माझ्याच घरच्या उदाहरणानं. माझ्या वडिलांचं गंज पेठेत बाइंडिंगचं दुकान होतं. ती म्हणाली, “दादाजींच्या डोक्यात वहीचा एक आराखडा असणार. फर्मे किती, शिवण कशी, पुठ्ठा कसला. तो आराखडा म्हणजे क्लास, वर्ग. त्या आराखड्यावरून बांधलेली एकेक वही म्हणजे ऑब्जेक्ट, वस्तू. आराखडा एकच असतो, त्यावरून वह्या हजार होतात. आराखड्यावर लिहिता येत नाही, लिहायचं ते वहीवर.”

इथपर्यंत ठीक होतं. मग ती म्हणाली, “आता दुकानात शाळेची वही यायची, व्यापाऱ्याची चोपडी यायची, डायरी यायची. तिघींत बरंच काही सारखं. कागद, शिवण, पुठ्ठा. प्रत्येकीसाठी ते सगळं पुन्हा कशाला लिहायचं? एकदाच लिहायचं आणि त्याला नाव द्यायचं ‘वही’. हा पालकवर्ग. मग खाली लिहायचं, चोपडी ही वहीची मुलगी. एवढं म्हटलं की वहीचं सगळं चोपडीला मिळालं. वेगळं असेल तेवढंच चोपडीत लिहायचं. लाल कापड, लांबट आकार, जमाखर्चाचे रकाने.”

“आणि पालकाचं एखादं काम मुलीला वेगळ्या तऱ्हेनं करायचं असेल तर?” मी विचारलं.

“तर तिनं ते आपल्यापुरतं पुन्हा लिहायचं. ‘उघड’ असा हुकूम दोघींना दिला तर वही आडवी उघडेल, चोपडी उभी उघडेल. हुकूम एकच, वागणं आपापलं. याला आम्ही ओव्हरराइड म्हणतो. पालकाचं मूळ काम तिकडे जसंच्या तसं राहतं.”

श्रोतेहो, मला यात रस वाटू लागला. मग मी तिच्याकडून आणि पुस्तकांतून थोडं अधिक समजून घेतलं. ही कल्पना जन्मली नॉर्वेमध्ये, ओस्लोच्या संगणन केंद्रात. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगॉर हे तिचे दोन जनक. त्यांची ‘सिम्युला ६७’ ही भाषा १९६७ सालची. कशाची नक्कल करायची असेल तर ती संगणकात कशी उभी करावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्यासमोरचं एक उदाहरण होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. आपल्या खालापूरच्या नाक्यासारखंच समजा. रांगेत ट्रक आहेत, बसगाड्या आहेत. रांगेत उभं राहणं, पुढे सरकणं हे दोघांचं सारखं. ट्रकमध्ये माल आणि बसमध्ये माणसं, हे वेगळं. मग सारखं ते एकदा लिहावं आणि वेगळं ते वेगळं लिहावं, असा विचार त्यातून पुढे आला.

त्यांनी या नात्याला नाव काय दिलं? प्रीफिक्स, म्हणजे उपसर्ग. नव्या वर्गाच्या आधी पालकाचं नाव जोडायचं. मला आपले जुने मराठी कागद आठवले. पेशवाईतल्या कागदांत ‘अमुक बिन तमुक’ असं असतं. बिन म्हणजे मुलगा. शब्द अरबी, नावं दोन्हीकडची अस्सल मराठी. माणूस कोण, तर कुणाचा ते सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नसे. ओस्लोच्या मंडळींनी पालक आधी लिहिला, आपण मागून लिहिला, इतकाच फरक. या दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतरानं दोघंही गेले.

त्यांची कल्पना तोवर जगभर गेली होती. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ती सी भाषेत आणली, तिचं नाव पुढे सी प्लस प्लस झालं. १९९५ मध्ये जावा आली. आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं. तिथल्या पदविका अभ्यासक्रमासाठी गावोगावची मुलं येतात आणि सी प्लस प्लस, जावा शिकताना वारसा हा धडा गिरवतात. हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी बसलेलं पोरगं दिवसभर कुणाकडून काय घ्यायचं आणि काय बदलायचं हेच ठरवत असेल, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता माझ्या घरच्या वारशाकडे येतो.

वडील १९९८ साली गेले. मागे आई, आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. आमच्या कायद्याप्रमाणे हिशोब सोपा निघाला. एकूण आठ वाटे. आईला एक, बहिणीला एक, आम्हा भावांना दोन-दोन. कागदावर सुरेख बसला. पण वाटायचं काय होतं? पागडीचं दुकान, एक कटिंग मशीन, एक लोखंडी दाबयंत्र, शिवणीची चौकट आणि पुठ्ठ्यांचा ढीग. मशीन एकाकडे, चौकट दुसऱ्याकडे आणि गाळा तिसऱ्याकडे गेला तर कुणालाच एकही वही बांधता येणार नाही. मी कॉलेजच्या दिवसांत संध्याकाळी दुकानात बसायचो, जुजबंदी शिकलो होतो. दुकान चालू राहावं असं मला वाटे. थोरल्याला विकून मोकळं व्हायचं होतं. शब्दानं शब्द वाढला.

१९९९ मध्ये हैदराबादहून चाचा आले. वडिलांचे धाकटे भाऊ. उर्दू शाळेत शिकलेले, वकिलाकडे कारकुनी केलेले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मला म्हणाले, “बेटे, तू राजीनामा कर ले. बात ख़तम कर.”

मी मराठी शाळेत शिकलेला. राजीनामा म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक! पद सोडणं, हक्क सोडून चालतं होणं. वाटलं, चाचांनी थोरल्याची बाजू घेतली. मी उठलो, म्हणालो, “दिला राजीनामा,” आणि माझे दोन वाटे न घेता निघून आलो. दुकान विकलं गेलं. चाचांशी मी चार वर्षं बोललो नाही. ईदच्या दिवशी त्यांचा फोन येई, मी घरात असूनही नाही म्हणून सांगायला लावी.

२००३ साली माझ्याकडे प्रुफं तपासायला एका उर्दू कथेचं मराठी भाषांतर आलं. त्यात दोन भाऊ कोर्टात भांडतात आणि शेवटी ‘दोघांनी राजीनामा दिला’ असं वाक्य. मला काही केल्या ते लागेना. दोघंही नोकरीत नव्हते, मग राजीनामा कसला? कोश काढून पाहिला. राज़ी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. दोन्ही पक्षांच्या कबुलीचा लेख. उर्दूत राज़ीनामा म्हणजे तडजोड, समेट. आपल्या मराठीत तोच शब्द पद सोडण्याच्या कागदासाठी रुळला. चाचा मला ‘समेट कर’ म्हणत होते आणि मी ‘सोडून जा’ असं ऐकलं होतं.

रात्रीच्या गाडीनं मी हैदराबाद गाठलं. चाचांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पूछ लेना था ना, बेटे.” विचारायचं होतंस ना. एवढंच.

ही गोष्ट मुलीला सांगितल्यावर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, “अब्बा, हा तर आमच्याकडचा प्रसिद्ध घोटाळा आहे.” एका वर्गाला दोन पालक असू शकतात. सी प्लस प्लसमध्ये तशी मुभा १९८९ पासून आहे. पण दोन्ही पालकांकडे एकाच नावाचं काम असेल आणि ते वेगवेगळ्या तऱ्हेनं होत असेल, तर मुलानं कुणाचं ऐकायचं? त्यात त्या दोन पालकांचा आजाही एकच असला तर चित्र पतंगासारखं होतं. वर आजा, मध्ये दोन पालक, खाली मूल. याला ते हिऱ्याचा पेच म्हणतात, कारण आकृती चौकटच्या पानावरच्या खुणेसारखी दिसते. माझ्या बाबतीत आजा फार्सी, पालक दोन, घरची दखनी आणि शाळेची मराठी, आणि खाली मी.

“मग तुमचं यंत्र काय करतं?” मी विचारलं.

“थांबतं,” ती म्हणाली. “प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तो पुढे जायलाच नकार देतो. सांगतो, हे संदिग्ध आहे, कुणाचं ते स्पष्ट लिहा. मग आपण पालकाचं नाव लावून लिहायचं. जावा करणाऱ्यांनी तर हा त्रासच नको म्हणून पालकवर्ग एकच ठेवला.”

मी गप्प झालो. चाचा म्हणाले होते तेच हे यंत्र करतं. विचारतं. ज्याला भावना नाहीत, मान-अपमान नाही, ते थांबून विचारतं की कुणाचा शब्द. मला तेव्हा एक प्रश्न विचारायचा होता, “चाचा, कुठला राजीनामा?” तो मी विचारला नाही, कारण मला वाटलं माझा अर्थ हाच अर्थ.

याच पुण्यात माधव जूलियन होते. फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवत. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ सालचा. गझल हा फार्सीतला आकृतिबंध त्यांनी मराठीत रुजवला, ‘गज्जलांजलि’ १९३३ मध्ये आली. पालकाचा सांगाडा घेतला आणि आत मराठी बोलली. मुलीच्या भाषेत हा चांगला ओव्हरराइड. पण हेच माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले, १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मी मुलीला विचारलं, “पालकाकडून आलेली गोष्ट नकोच असेल तर मुलाला पुसून टाकता येते का?” ती म्हणाली, “साधारणपणे नाही. तिचा अर्थ आपल्यापुरता बदलता येतो. ती आलीच नाही असं करता येत नाही.” मला वाटतं, भाषेचंही असंच असावं. माधव जूलियनांच्या विद्वत्तेबद्दल मला पूर्ण आदर आहे, माझ्या पहिल्या गझला त्यांच्याच वाटेनं गेल्या. पण ‘वारसा’ हा शब्दच अरबी ‘वारिस’वरून आलेला आहे. तो काढला तर जे आलं त्याला काय म्हणायचं?

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. नवशिके वारसा फार वापरतात. आयतं मिळतंय म्हणून कुणालाही कुणाचंही मूल करतात. दुकानात वह्या असतात म्हणून दुकानाला वहीचं मूल करून टाकतात. १९९४ साली चार लेखकांनी मिळून लिहिलेलं ‘डिझाइन पॅटर्न्स’ नावाचं पुस्तक या लोकांत फार मानतात. त्यात सल्ला दिला आहे की शक्य तिथे वारशापेक्षा बाळगणं बरं. म्हणजे, ‘हे ते आहे’ की ‘याच्याकडे ते आहे’, हे आधी ठरवा. चोपडी ही वही आहे. दुकानाकडे वह्या आहेत.

गंमत पाहा. आपल्या मराठीत दोन्हीकडे ‘आहे’च येतं. ‘मी मराठी आहे.’ ‘माझ्याकडे मराठी आहे.’ कवितावाचन संपलं की कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि म्हणतं, “तुमच्याकडे मराठी फार छान आहे हो!” त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण माझ्या मनात ते ‘तुमच्याकडे’ घरापर्यंत सोबत येतं. छत्री असावी तशी मराठी माझ्याकडे आहे की मी मराठी आहे? श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेले. त्यांनाही कुणी असं म्हणालं असेल का?

मुलीनं यावरही एक कसोटी सांगितली. बार्बरा लिस्कोव्ह या विदुषींनी १९८७ मध्ये ती एका व्याख्यानात मांडली. सोप्या भाषेत अशी की, जिथे पालकाची अपेक्षा आहे तिथे मूल उभं केलं तरी काम अडता कामा नये. अडलं नाही, तर नातं खरं. नावावर जायचं नाही, काम पाहायचं. मला ही कसोटी पसंत आहे. मराठी कवीची जागा असेल तिथे मला उभं करा. श्रोत्याचं काम अडलं, कविता त्याच्यापर्यंत पोचली नाही, तर मी खाली बसेन.

शेवटी त्या फोनवरच्या वाक्याकडे येतो. पालकाला हात लावला म्हणून मुलं मोडली. मुलं झाल्यावर पालकवर्ग बदलणं फार जोखमीचं, असं ती सांगते. कोण कुठे त्यावर विसंबून आहे हे पालकाला ठाऊक नसतं. मी चार वर्षं चाचांशी बोललो नाही, तेव्हा माझी मुलगी लहान होती. फोन आला की ‘अब्बा घरात नाहीत’ असं तीच सांगायची. ती खोटं बोलायला शिकली ते माझ्याकडून, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. हे मी तिला त्या संध्याकाळी म्हटलं. ती म्हणाली, “अब्बा, ते मी ओव्हरराइड केलं केव्हाच.”

चाचा २०१२ साली गेले. दुकानातली एकच वस्तू माझ्याकडे आहे, घडी दाबायची हाडाची पट्टी. आईनं ती ठेवली होती, हैदराबादहून परत आल्यावर माझ्या हातात दिली. आठ वाट्यांत ती कुणाच्याच हिशोबात नव्हती. वस्तू वाटल्या की कमी होतात. शिवण कशी घालायची ते मात्र आम्हा तिन्ही भावांना वडिलांकडून पुरतं मिळालं, कुणाचं कमी झालं नाही. क्लासचा वारसाही असाच असतो, प्रत्येक मुलाला अख्खा. गेल्या महिन्यात मुलीनं तिच्या कामाच्या टिपणांचे कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, “अब्बा, यांची जुजबंदी शिकवा मला.” पहिली शिवण तिनं माझ्यापेक्षा वेगळी घातली. मी विचारलं, “ही कुणाची पद्धत?”

विचारून घेतलेलं बरं.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)